जात्यावरची पाळत

"तोंड उघड," पंत म्हणाले.

भर दुपार होती. अमरावतीच्या कापूसबाजारामागच्या त्या खानावळीत दुसरी पंगत बसलेली. बारा-चौदा पानं मांडलेली. कापसाचे दलाल, आडत्यांचे गुमास्ते, कचेरीतले दोन कारकून. मी मागच्या पडवीतून, जात्यावरून उठून आलेली. केसांत, भुवयांत, पापण्यांवर पीठ. मला वाटलं, दळण कमी पडलं म्हणून बोलावलं. मी अंगणात पायरीखाली उभी राहिले. पायरी चढायची आम्हाला मुभा नव्हती.

"ऐकू आलं नाही? तोंड उघड."

मी उघडलं. का उघडलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ऊठ म्हटलं की उठायची, दळ म्हटलं की दळायची सवय होती. तोंड उघड म्हटलं, उघडलं.

पंत पायरीवर वाकले. हात पाठीमागं बांधलेले. शिवायचं नव्हतं ना. मान इकडून तिकडून करून त्यांनी माझे दात पाहिले. जीभ वर करायला लावली. गाल बाहेर ओढायला लावला, माझ्याच बोटानं. मग आचाऱ्याला हाक मारली. त्यानं तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. "चूळ भर. आणि यावर थुंक." माझ्यापुढं पळसाचं पान टाकलं. मी थुंकले. पंतांनी काडीनं ते पान जवळ ओढलं आणि पाण्यात काही पांढरं-पिवळं दिसतं का ते निरखून पाहिलं.

पंगतीतला एक जाडा दलाल हसला. "पंत, बैल घेऊन राहिले का? दात तं पुरे दिसून राहिले!"

सगळी पंगत हसली. आचारी हसला. तोंड उघडंच ठेवायचं की मिटायचं ते मला कळेना, म्हणून मी तशीच उभी. लाळ हनुवटीवर आली.

"शेटजी, तुमच्या धर्मासाठी करतोय हो हे," पंत म्हणाले. "दळता दळता हिनं डाळ तोंडात टाकली, की पीठ उष्टं झालं. तेच तुमच्या पानात यायचं. चालेल तुम्हाला?"

"नाई बा," दलाल म्हणाला, आणि पोळी मोडली.

पानावर काही नव्हतं. नुसतं पाणी होतं. पंतांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. पण 'काही नाही' असं ते म्हणाले नाहीत. "जा," एवढंच म्हणाले. मी गेले. जात्याचा खुंटा धरला आणि पुन्हा दळायला लागले. समोर सकू बसली होती, माझ्यासोबत दळणारी. भिंतीआडून तिला सगळं ऐकू आलंच होतं.

आमचा पगार काय, तर महिन्याकाठी थोडी रोकड आणि रोज दुपारी पंगत उठल्यावर पानांतलं उरलंसुरलं. त्यांचं उष्टं आम्ही खायचं, तो पगार. आमचं उष्टं त्यांच्या पोटात गेलं तर पाप. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. त्या दिवशी नुसती लाज वाटली. चोरी न करता चोराची लाज.

दुसऱ्या दिवशी नियम आला. दळताना गायचं. थांबायचं नाही.

पंतांची बंगई, म्हणजे झोपाळा, पुढच्या ओसरीत टांगलेली, जातं मागच्या पडवीत, मधे भिंत. बंगईवर बसून आम्ही दिसत नव्हतो, ऐकू मात्र येत होतो. "तुम्ही गात असाल तर खात नाही, एवढं मला समजतं," ते म्हणाले. "गाणं तुटलं की मी उठून येईन." आणि येत. खोकला आला तरी येत. घाम पुसायला थांबले तरी बंगईच्या कड्या वाजायच्या, मग खडावांचा आवाज, मग "तोंड उघड".

जात्यावर कोण गात नाही? माझी माय तेल्हाऱ्याकडच्या खेड्यात गायची. तिच्या ओव्या मी अंथरुणात पडून ऐकल्या. त्यातली एक तर माझ्यासाठीच केलेली:

माय इथं दळे बाई, पहाटेच्या गारव्यात,
लेक माही निजलेली, पिठाच्या गं उबाऱ्यात.

सासरचं जे कोणाला सांगता येत नाही ते बाई जात्याला सांगते. तिथं सासू ऐकत असली तरी न ऐकल्यासारखं करते. एवढी एक जागा आम्हाला होती. पंतांनी ती घेतली. माझ्या मायची ओवी आता हजेरी झाली. मी गायची आणि भिंतीपलीकडं ते बंगईवर पाय हलवत, सुपारी कातरत, ती मोजायचे. त्यांना शब्दांशी घेणंदेणं नव्हतं. आवाज चालू आहे ना, बस. आठ दिवसांत मायच्या ओव्या माझ्या तोंडात भुश्यासारख्या झाल्या. घरी सासू म्हणाली, "अवं, माय आठवून गाय जरा." मी म्हटलं, "मले गाणं नको सांगू."

सासू आणि मी, दोघीच होतो. नवरा पटकीत गेला. त्याच्या भावांनी आम्हाला घरात ठेवलं नाही. कापसाच्या गाडीवर बसून आम्ही अमरावतीला आलो, कारण सगळेच येत होते.

ते दिवसच तसे होते. समुद्रापलीकडं कुठं तरी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली म्हणायचे, तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून इकडच्या कापसाला वेड्यासारखा भाव. बाजारात गाड्यांची रांग लागायची ती गावाबाहेर नाल्यापर्यंत. गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवणारे पाटील मी पाहिलेत. दलालांच्या अंगठ्या वाढल्या, पोटं वाढली, पंतांच्या पंगती दोनाच्या चार झाल्या. पंत काही इथले नव्हते. पुण्याकडून आले, एक चूल मांडली आणि दोन वर्षांत माडी बांधली. जेवणाचा दर त्यांनी तीनदा वाढवला. कोणी कुरकुर केली की म्हणायचे, "माणसं महाग झालीत हो. काय करू?"

माणसं महाग झाली होती हे खरं. रेच्यावर, त्या लाकडी चरकावर, कापसातली सरकी काढायला बायका लागत, गठ्ठे बांधायला गडी लागत, आणि बडनेऱ्याकडं आगगाडीच्या रस्त्याची माती टाकायला तर कितीही हात कमीच. तिथं संध्याकाळी रोख हातात पडायची. खानावळीतून एकेक जण गळायला लागला. भांडेवाली गेली. सरपणवाला गेला. आमचा पाणक्या गोंदाजी, दहा वर्षं लोकांचं पाणी भरून वाकलेला, एके सकाळी कावड टेकवून म्हणाला, "पंत, उद्यापासून मी नाई." आणि गठ्ठ्यांच्या कामावर गेला. अकोल्याचा आचारी पळाला तेव्हा पंतांनी नव्या आचाऱ्याला दुप्पट दिले, वर धोतरजोडी. ब्राह्मणाशिवाय चूल पेटत नाही, काय करतील? त्या रागात पंगतीला वाढता वाढता म्हणायचे, "ही जात माजली. चार पैसे दिसले की मीठ विसरतात."

आम्हा दळणाऱ्यांचं मात्र एक दमडी वाढलं नाही. आम्ही मागितलंही नाही. चोर म्हणून ज्याचं तोंड तपासतात तो वाढ कशी मागणार?

आणि मग पंत गोड झाले.

एका सकाळी ते स्वतः पडवीत आले. सकू अजून यायची होती. हातात नवं लुगडं होतं, गर्द हिरवं. "बाई," ते हसून म्हणाले. बाई! तोपर्यंत मी 'ए दळणवाली' होते. "बाई, तुझ्यावर माझा संशय नाही. तू कष्टाची आहेस. त्या सकूचं मला खरं वाटत नाही. गाते पण मधेच चाटते. भिंतीतून मला दिसत नाही. तू समोर बसतेस. तुला दिसलं की सांगत जा, एवढंच. तुझं तोंड मी आता बघणार नाही. महिन्याला आठ आणे वर."

लुगडं त्यांनी जात्याच्या पाळीवर ठेवलं. हातात दिलं नाही.

घरी सासूनं ते लुगडं उलटंसुलटं केलं. पदर दातांत धरून पाहिला. "काहून देलं त्यानं?"

"काम चांगलं आहे माह्यं म्हणून."

"चांगलं काम तं तू दोन सालापासून करून राहिली. आजच काहून देलं?"

उत्तर मला माहीत होतं. मला त्या लुगड्याचा वास घेतल्याबरोबर माहीत होतं. पण तोंड तपासणार नाही, हे एवढं मोठं होतं की बाकीचं मी मनात झाकून ठेवलं. मी लुगडं नेसले.

आता माझंच ऐका. माझ्याशी जे केलं ते सांगते, तर मी जे केलं तेही सांगेन.

एकाच खुंट्याला दोघींचे हात. गुडघ्याला गुडघा. त्या अंतरावरून मी सकूवर नजर ठेवायला लागले. तिचा जबडा. तिचा गळा. डाळ टाकायला तिचा हात गेला की तो परत येताना तोंडाकडं वळतो का. पूर्वी मी तिची ओवी उचलायची, ती माझी उचलायची. आता मी गात असताना तिच्या गालाकडं पाहायची. दोन-तीन दिवसांत तिला कळलं. कोणाला कळत नाही? तीही माझ्याकडं तसंच पाहायला लागली. बंगईवरचा माणूस निवांत सुपारी खात होता आणि पडवीत आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडावर पहारा देत होतो. त्याला उठायचीही गरज उरली नाही.

मग तो दिवस आला. हरभऱ्याची डाळ दळत होतो. सकू तिच्या गजाची ओवी म्हणत होती. गजा तिचा मुलगा, दीड वर्षाचा असताना वारला. ओवी अर्ध्यात आली आणि थांबली. जात्याचे दोन फेरे मुकेच गेले. तिचा गळा वरखाली झाला. गिळल्यासारखा. मग पुढचा शब्द आला.

मी पाहिलं. आणि मी सांगितलं. दुपारी, पान उचलायला अंगणात गेले तेव्हा, हळू आवाजात: "आज तिनं गिळलं."

पंतांनी पंगत बसायची वाट पाहिली. चांगली भरली तेव्हा तिला बोलावलं. "तोंड उघड." पाणी. पान. थुंक. मी पडवीच्या दारातून पाहत होते. पानावर नुसतं पाणी होतं. तरी पंत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धुऊन टाकलं असेल. चोरी ती चोरीच. जा, उद्यापासून येऊ नकोस."

सकू पडवीत आली. सूप भिंतीला लावलं, पदराची गाठ तपासली, चुंबळ उचलली. मग माझ्यापुढं उभी राहिली.

"तुले कसं समजलं माह्या तोंडात काय होतं?"

मी खाली पाहिलं.

"गजा आला व माह्या गळ्यात," ती म्हणाली. "रडू गिळलं म्या. गाणं तुटलं तं तो येते म्हणून गिळलं. तुले डाळ दिसली?"

ती गेली. रागावून ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिनं तेवढंही दिलं नाही.

त्यानंतर मी एकटी. दोघींचं दळण एका हातानं. पंतांनी दुसरी बाई शोधली, मिळेना. कुणाच्याही घरी माणूस धाडला तर ती रेच्यावर गेलेली. माझी बोटं सुजली, खुंटा धरता येईना. तेव्हा कुठं मला सुचलं, की मीही जाऊ शकते. आपण का नाही? सगळं गाव गेलं.

एका सकाळी मी दळणाला न जाता रेच्याच्या आवारात गेले. बायकांची रांग लागली होती. हात दाखव, नाव सांग, बस. निवडणारा गुमास्ता खाटेवर बसलेला. माझ्यापुढच्या चौघींना त्यानं घेतलं. माझ्याकडं पाहिलं आणि थबकला.

"तू पंताची दळणवाली नोहो का?"

"व्हय."

"तुह्यं तोंड पाह्यलं म्या," तो म्हणाला. "पंगतीत होतो ना मी. नको बाई. इथं सरकी उघडी पडून राह्यते." आणि माझ्या मागच्या बाईला हात केला.

मागं रांगेत कुजबुज झाली. एकीनं आपली कापडाची पिशवी छातीशी धरली. मी तिथून निघाले तेव्हा मला आवाराचं फाटक दिसेना.

बाहेर गोंदाजी भेटला. गठ्ठा खांद्यावरून उतरवून घाम पुसत होता. मी त्याला सगळं सांगितलं, सकूचं सोडून. त्यानं गठ्ठ्यावर हात टेकले. मग म्हणाला, "पहिल्या दिवसापासून मी त्या घरात होतो, पोरी. पंत माह्या घागरी मोजून घेये. सरपण तोलून घेये. तूप आचाऱ्याच्या हातात देये ते पळीनं. तुमचं पीठ कधी तोललं त्यानं?"

मी आठवलं. पायलीनं धान्य काढून द्यायचे. पीठ मात्र तसंच डब्यात जायचं. एकदाही नाही. दोन वर्षांत एकदाही काटा बाहेर आला नव्हता. तुपाची पळी मोजणारा माणूस.

"त्याले चोर पकडाचा असता तं काटा काढला असता," गोंदाजी म्हणाला आणि परत गठ्ठ्याखाली गेला.

मी रस्त्याच्या कडेला बसले. गाड्या चालल्या होत्या, धूळ अंगावर येत होती. आणि मला एकेक दिसायला लागलं. तोंड पहिल्यांदा कधी उघडायला लावलं? भांडेवाली गेली त्याच आठवड्यात. कुठं लावलं? पंगतीपुढं. पंगतीत कोण? तेच, जे बाजारात माणसं कामाला ठेवतात. पडवीतही तपासता आलं असतं, तिथं कोणी अडवलं होतं? पण पडवीत पाहणारं कोणी नव्हतं. पानावर काही नसताना 'काही नाही' असं का म्हटलं नाही? कारण त्यांना दाणा नको होता. त्यांना संशय हवा होता. चोर म्हणून नाव पडलेली बाई दुसरीकडं जाऊ शकत नाही. तिला वाढ द्यावी लागत नाही. आचाऱ्याला धोतरजोडी देऊन ठेवलं, मला नाव बिघडवून ठेवलं. दुसरं फुकटात पडतं.

आणि सकूचं नाव माझ्या तोंडून बिघडवून घेतलं. ती सोडून चालली असणार, त्यांना सुगावा लागला असणार. जाणारच आहे तर चोर म्हणून जाऊ दे, म्हणजे उरलेलीला धाक.

मला त्या दिवशी राग आला. आयुष्यात पहिल्यांदा, लाज नाही, राग. आधी पंतांचा, आणि लगेच त्याहून मोठा माझा.

चार दिवसांनी मोठी पंगत होती. कुणा दलालाचा मोठा सौदा झाला होता, त्याचं जेवण. पुरणपोळी. तो जाडा दलाल होता. रेच्याचा गुमास्ताही होता. मी जात्यावर बसले आणि गायले नाही.

जातं घरघरत राहिलं. भिंतीपलीकडं बंगईच्या कड्या थांबल्या. खडावा वाजल्या. पंत दारात.

"गाणं?"

मी दळत राहिले.

"तोंड उघड."

"नाई उघडत," मी म्हणाले.

ते एकदम रागावले नाहीत. ते हुशार होते. बाहेर चाळीस पानं मांडलेली आणि दळण अर्धं. त्यांनी आवाज खाली आणला. "काय पाहिजे तुला?"

"गुमास्त्याले सांगा, मी चोर नोहो."

त्यांनी विचार केला. मग हसले. ते लुगडं देताना हसले होते तसंच. "एवढंच ना? आत्ता सांगतो. इथंच बसलाय तो. पण बाई, मग चोर कोण, असं लोक विचारतील. सकू होतीच. तू अंगणात ये, सगळ्यांपुढं म्हण, सकू खायची, मी डोळ्यांनी पाहिलं. तुझं नाव स्वच्छ. मीही सांगतो. मग रेच्यावर जायचं तर जा, इथं राहायचं तर दुप्पट घे. सकूचं काय, ती गेलीच आहे."

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? मला माझं नाव परत हवं होतं. सासूचे गुडघे धरलेले, घरात दोन दिवसांचं पीठ. आणि सकू गेलीच होती, हे खरं होतं. खुंटा सोडून मी उठले तेव्हा मी काय म्हणणार आहे, ते माझं मला ठाऊक नव्हतं.

अंगणात आले. पायरीखाली, त्याच जागी. पंत म्हणाले, "मंडळी, एक खुलासा व्हायचा आहे. ही बाई प्रामाणिक आहे. हिचंच ऐका."

चाळीस माना वळल्या. गुमास्ता पोळीवर तूप घेत होता. पंत माझ्याकडं पाहत होते, मान हलवत, शिकवलेलं बोलून दाखव म्हणतात तसं. माझ्या नावाला पहिल्यांदा कुणी तरी प्रामाणिक म्हटलं होतं. आणि तेही खोटं बोलण्यासाठी.

"सकूच्या तोंडात काई नव्हतं," मी म्हणाले. "म्या सांगितलं पंताले, गिळलं म्हणून. लुगड्यासाठी सांगितलं. हे लुगडं. ती रडत होती. मले रडू आन् डाळ यातलं समजलं नाई."

"काय बडबडतेस!" पंत म्हणाले. "मंडळी, ऐकलंत? स्वतःच खोटारडी म्हणून सांगते!"

गुमास्त्यानं हात थांबवला. "मंग तुह्या बोलण्यावर कोण ईश्वास ठेवीन?"

"नका ठेवू," मी म्हणाले. "पंतालेच इचारा. दोन सालात दळलेलं पीठ किती डाव तोललं?"

एक क्षण कोणी जेवलं नाही. गुमास्ता धंद्यातला माणूस होता. त्याला समजलं. त्यानं पंतांकडं पाहिलं, पंतांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि मला दिसलं की दोघांचं एकमेकांना नीट समजलंय. मग गुमास्ता म्हणाला, "पंत, वरण आणा इकडं." जाडा दलाल ढेकर देऊन म्हणाला, "बायकांचं काय मनावर घेता?" आणि पंगत जेवायला लागली.

मला वाटलं होतं, काही तरी होईल. कोणी एक तरी उठेल. चाळीस माणसांत एकही हात पानावरून उठला नाही. त्या सगळ्यांच्या आवारात, दुकानांत, वखारींत अशीच माणसं कामाला होती. माझं खरं निघालं असतं तर उद्या त्यांच्या अंगणात कोणी तरी तेच विचारलं असतं. पुरणपोळी गोड लागत असणार.

लुगडं फेडून तिथं टाकावं असं फार वाटलं. पण खाली दुसरं नेसलेलं नव्हतं. त्यामुळं तोरा काही दाखवता आला नाही. ते लुगडं नेसूनच मी बाहेर पडले.

अमरावतीत मग काम मिळालं नाही. मी आधीच चोर होते, आता खोटारडी आणि वर मालकाला पंगतीत बोलणारी. बडनेऱ्याला मातीच्या कामावर सकूला शोधलं. ती तिथून अकोल्याकडं गेली, असं कळलं. सासूला घेऊन मीही निघाले, थोडं गाडीवर, बरंच पायी.

अकोल्याच्या अलीकडं, नव्या रस्त्याच्या भरावावर ती दिसली. डोक्यावर टोपली. मी तिच्यामागं चढ चढले आणि एका दमात सांगितलं, की सगळ्या पंगतीपुढं मी खरं बोलले, तुझं नाव धुतलं.

तिनं टोपली रिकामी केली, झटकली.

"गजाच्या ओवीत तू चोर पाह्यला," ती म्हणाली. "ते कसं धुशीन?"

दुसऱ्या दिवसापासून ती पलीकडच्या टोळीत गेली. आम्ही दीड वर्ष त्याच भरावावर होतो. ती माझ्याशी परत बोलली नाही. तिचं बरोबर होतं. तिनं बोलावं म्हणून मी वाट पाहिली, पण तिचं बरोबर होतं.

मला तिथं लागून दीड वर्ष होत आलं होतं, तेव्हा मुकादम माझ्याजवळ आला. चांगला बोलायचा. बायकांना मावशी, ताई म्हणायचा. म्हणाला, "ताई, तू शहाणी दिसतं. ह्या टोळीत कोण टोपली अर्धी भरते, कोण बसून राह्यते, तेवढं कानावर घालत जाय. तुह्या हजेरीत रोज एक पैसा वर. कोणाले समजत नाई."

तोही हसत होता. मी ते हसणं ओळखलं. माणूस वेगळा, बोली आमचीच, हसणं तेच.

"आजच काहून देऊन राहिला पैसा?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"काल टोळीतल्या बायका मजुरी वाढवा म्हणत होत्या. म्हणून आज देऊन राहिला का?"

त्याचं हसणं गेलं. "पाह्य बापा तुह्यं तू," म्हणाला आणि चालता झाला. संध्याकाळपर्यंत मी टोळीतल्या प्रत्येक बाईला सांगितलं, की मुकादमानं मला काय देऊ केलं होतं. तेव्हा आणखी दोघींनी माना खाली घातल्या. त्यांनाही विचारलं होतं. एकीनं पैसा घेतला होता. तिला कोणी मारलं नाही. मी मारू दिलं नाही. पण तिनं तो सगळ्यांदेखत परत नेऊन दिला, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही टोपल्या पालथ्या घालून भरावाखाली बसलो. मजुरी वाढली नाही. मला आणि आणखी चौघींना काढून टाकलं.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी राबले. कापसाचा भाव पडला, माड्यांचे मालक बुडाले, माणसं परत स्वस्त झाली. मालक बदलले. कोणी लुगडं दिलं, कोणी नुसतं ताई म्हटलं. प्रत्येक वेळी मी आधी मोजते, आजच का, आणि माझ्याकडून कोणाचं नाव हवंय.

आणि नवी बाई माझ्या जोडीला लागली, की पहिल्या दिवशी, कामाला हात लावायच्या आधी, मी तिला सांगते: म्या एका लुगड्यासाठी माह्या जोडीदारणीले चोर केलं. ती निर्दोष होती. माह्यावर नजर ठेव. म्या कोणाच्या कानाशी लागताना दिसली, तं सगळ्याईदेखत माह्यं नाव घेजो. म्याही तुह्यं घेईन.

काही जणी घाबरतात. काही दुसरी जोडी मागतात. मागू देत. सांगितल्याशिवाय मी कामाला बसत नाही.